निळा बर्फ

नावडे गावात गोजरा भोईरच्या घरी जायचं तर माणूस पायरीशी जरा थबकायचा. चहा मिळायचा, पोह्याचा पापड मिळायचा, पण पाय धुतले का, हात कशाला पुसले, कपाच्या कानात बोट घातलं का दुसरीकडे कुठे, सगळ्यावर तिची नजर असायची. काही खटकलं की ओठ एका बाजूला ओढून ती "शीः" करायची. भाजीवाल्याने दात कोरून त्याच हाताने कोथिंबीर उचलली की जुडी तिथेच टाकून चालू पडायची. नवरा गोटीराम लोकांना सांगायचा, "हिना सोनं दिलं तरी पयलं धुवून घेल."

अशा बाईला नोकरी मिळाली ती मासळीच्या कंपनीत. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत, गावापासून चालत पंचवीस मिनिटांवर. कोळंबी आणि म्हाकूळ मासे सोलायचे, उकडायचे, गोठवायचे, खोक्यात भरून परदेशी पाठवायचे, असं काम. पहिल्या दिवशी सोलायच्या टेबलावर तिला चक्कर आली. दुसऱ्या महिन्यात कोळंबीच्या पाण्याने बोटांची सालं निघायला लागली. डॉक्टर म्हणाले, कोळंबीला हात लावायचा नाही. मुकादमाने तिला कोल्ड स्टोरेजच्या झाडलोटीवर टाकलं. तिथे बाया टिकत नसत. उणे अठरा. दोन जाड जाकिटं, गुडघ्यापर्यंत गमबूट, माकडटोपी, वीस मिनिटं आत आणि दहा मिनिटं बाहेर.

गोजराला मात्र ती खोली आवडली. कारण तिथे कशालाच वास नव्हता. बाहेर गटार, डोकी काढलेल्या कोळंबीचे ढीग, त्यावर माश्या. आत शिरून दार लावलं की नाकाला काहीच कळायचं नाही. खोकी रचलेली, फरशी कोरडी, वर पंखे घुमतायत. अख्ख्या कंपनीत तिला किळस न येणारी तेवढीच एक जागा होती. तिथे तिने नऊ वर्षं काढली.

नवव्या वर्षी दिवाळीनंतर त्या जागेचीही घाण झाली.

कोल्ड स्टोरेजच्या छताला मोठाले पंख्यांचे संच टांगलेले असतात. त्यांच्या जाळ्यांवर बर्फ धरतो. दिवसातून दोनदा मशीन आपोआप गरम होऊन तो वितळवतं. पाणी खालच्या पत्र्याच्या तबकात पडतं आणि सगळ्या तबकांचं मिळून एकाच नळीने भिंतीबाहेर जातं. नळी आतच गोठू नये म्हणून तिच्याभोवती विजेची एक गरम तार गुंडाळलेली असते. ती तार जळाली. एवढंच झालं. नळीत पाणी गोठलं, तबक भरून वाहायला लागलं, आणि काठावरून थेंब थेंब गळत बर्फाचे सुळे लोंबायला लागले. आधी बोटाएवढे, मग हाताएवढे. खाली फरशीवर काच सांडल्यासारखा बर्फ.

गोजराने मुकादमाला सांगितलं. मुकादमाने प्लांट मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर शिवतेज जगताप, साताऱ्याकडचा, वय पस्तीसच्या आत, केबिनमध्ये सुगंधी मेणबत्ती लावून बसणारा. तो म्हणाला, पार्ट मागवलाय. तोवर गोजरामावशीने सकाळी सातला बांबूने सुळे पाडायचे, फरशी खरवडायची, आणि नळीवर गरम पाणी ओतायचं.

गरम पाणी बॉयलरवरून आणायचं होतं. कोळंबी उकडायला जी वाफ लागते ती काम झाल्यावर गार होऊन पाणी बनून परत बॉयलरच्या टाकीत येते. कंपनीत त्याला सगळे परतीचं पाणी म्हणत. चटका बसेल इतकं गरम आणि फुकटचं. बॉयलर सांभाळायला शिवराम होता, हाही साताऱ्याकडचाच, पण मॅनेजरच्या अगदी उलट. तीस वर्षं भट्टीजवळ काढून भुवया जळालेला, शांत माणूस. त्याने बादली भरून दिली आणि म्हणाला, "मावशी, हातमोजं घाला. ह्या पाण्यात औषध असतंय. नळ्या गंजू नयेत म्हणून घालत्यात. म्या ह्यानं पाय बी धूत न्हाय."

"मंग मी काय करू? वतू का नको?"

"वता. साहेब सांगत्यात तर वता. पर त्वांडाला लावू नका."

ओतलं की दोन तास नळी मोकळी व्हायची. पण पाण्याची वाफ सरळ छताला जाऊन चिकटायची आणि दुसऱ्या दिवशी जिथे काल बर्फ नव्हता तिथेही सुळे दिसायचे. छत कुठे गंजलेलं, कुठे काळ्या बुरशीचं. तिथून लोंबणारे सुळे तांबूस, करडे. चौथ्या दिवशीच गोजराच्या लक्षात आलं की ह्या पाण्याने बर्फ जात नाही, वाढतो. तिने ते केबिनच्या दारात उभं राहून सांगितलं. शिवतेज मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, "मावशी, इंजिनिअर कोण आहे आपल्यात?"

"तुमी."

"मग टेन्शन घेऊ नका."

फेब्रुवारीत सोनम नावाची पॅकिंगमधली मुलगी खोकी रचत असताना वरून हातभर लांबीचा सुळा सुटला आणि तिच्या खांद्यावर आला. हाड मोडल्याचा आवाज गोजराने पंख्यांच्या घरघरीतही ऐकला. सोनमला गाडीत घालून नेलं. कंपनीने दवाखान्यात लिहून दिलं की बाथरूममध्ये पाय घसरला. सोनम परत आली नाही. चार दिवसांनी दारावर छापील पाटी लागली, "डोके सांभाळा", आणि पूर्ण कोल्ड स्टोरेजसाठी मिळून एक पिवळं हेल्मेट आलं. त्याच्या आत आधीच कोणाचे तरी केस चिकटलेले होते. गोजराने ते साबणाने दोनदा धुतलं, उन्हात वाळवलं, आणि तरीही घातलं नाही.

रोज चार-पाच घमेली बर्फ निघायचा. तो मागच्या दाराला निळ्या पिंपात टाकायचा आणि दत्तूने कचऱ्याच्या टेम्पोबरोबर न्यायचा, असं ठरलं होतं. दत्तू म्हणजे कचरा कंत्राटदाराचा माणूस. गळ्यात रुमाल, तोंडात मावा, बोलायला गोड. पिंप घेऊन जाताना तो रोज विचारायचा, "मावशी, आज किती माल?" कचऱ्याला माल का म्हणतो, हे गोजराला कधी विचारावंसं वाटलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघून बोलणंच तिला नको वाटायचं.

एप्रिल लागला. गोटीरामचं पोट बिघडलं. आज बरं, उद्या पुन्हा. गोजराने आंबे बंद केले, सुकट बंद केली, भात मऊ करून घातला. दवाखान्यातून गोळ्या आणल्या. तो चार दिवस बरा राहायचा आणि पुन्हा पोट धरून बसायचा. घरातली एकच मोरी. ती धुऊन धुऊन गोजराचे हात पुन्हा सोलवटले.

एका शनिवारी तिची पाळी साडेतीनला सुटली तेव्हा गोटीराम फाट्यावर उभा होता. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. तो म्हणाला, "चल, सरबत पाजतंय तुना. झाडाखालचा गारीवाला मस्त देतो."

"भायेरचं मना नको."

"ग्लास धुवून देतो तो. बघ तरी."

घसा खरोखरच कोरडा होता. ती गेली. गाडीवाल्याने ग्लास तिच्यासमोर दोनदा विसळला, लिंबू पिळलं, लाकडी पेटीतून बर्फाचे तुकडे काढून टाकले. गार होतं. आंबटगोड होतं. गोजराने दोन मोठे घोट घेतले आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिला गोटीरामवर थोडं प्रेम आलं. शेजारी तो बर्फ दाताखाली कडाकड फोडत होता. त्याला बर्फ चावायची सवयच होती. दात अजून सगळे शाबूत, याचा त्याला अभिमान.

तिने ग्लास उन्हाकडे धरला. लादीच्या बर्फाचा तुकडा पांढरा असतो, चौकोनी फुटतो. ग्लासातला तुकडा गोल होता. मुळ्याच्या चकतीसारखा. त्यात एकाच्या आत एक अशी वर्तुळं होती आणि मधोमध बारीक भोक. एका कडेला तांबूस रेघ.

असे तुकडे तिने सहा महिने रोज सकाळी फावड्याने भरले होते. तिसऱ्या पंख्याखालचे सुळे असेच तांबूस निघतात, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

तिने पेटीत डोकावून बघितलं. गोणपाटाखाली अर्धे मोडलेले सुळे रचून ठेवले होते. एकाला खोक्याची चिकटपट्टी चिकटलेली होती.

"बरफ कुठून आनतंस?" तिने विचारलं.

गाडीवाला म्हणाला, "कंपनीतून येतो ना. एक्स्पोर्टवाल्या कंपनीचा. एकदम क्लीन. दत्तूभाऊ देतो, त्याला नि ड्रायव्हरला दोन टाइम सरबत फ्री."

गोजरा रस्त्याच्या कडेला गेली आणि ओकली. पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिली. गोटीराम पाठीवर हात फिरवायला आला, तर त्याच्या तोंडातून अजून बर्फ फुटल्याचा आवाज येत होता. तिने त्याचा हात झटकला.

"थुक," ती म्हणाली. "थुक पयलं. जालं काय ते मंग सांगतंय."

सांगितल्यावर गोटीरामचा चेहरा पडला. महिनाभर तो रोज दुपारी दोन ग्लास पीत होता. पण तोही गोटीराम. थोड्या वेळाने म्हणाला, "पन लागतं गोड."

रात्रभर तिच्या जिभेवर गंजाची चव होती. पैशासाठी कोणी काही करतं ते तिने आयुष्यभर बघितलं होतं, त्याचा राग यायचा आणि जायचा. पण दोन ग्लास सरबतासाठी? छताची बुरशी, बॉयलरचं औषध, तिच्या गमबुटाखाली तुडवलेला बर्फ एवढ्या लोकांच्या पोटात घालायचा, आणि मिळवायचं काय, तर दोन ग्लास सरबत. ह्याची तिला इतकी शिसारी आली की सोमवारी कंपनीत शिरताना तिचं अंग आखडलं.

दत्तू मागच्या दाराला पिंप उचलत होता. तिने सरळ विचारलं. त्याने लाज वाटल्यासारखंही केलं नाही.

"अगं मावशी, बर्फ म्हणजे शेवटी पानीच ना? वेस्ट जातो. गरिबाला गार प्यायला मिळतं."

"त्यात औषध हाय. बुरशी हाय. माजा मानूस महिनाभर आजारी हाय."

"फाट्यावर रोज शंभर लोक पितात. सगळे मेले काय?" त्याने बाजूला पिचकारी मारली. एक शिंतोडा पिंपातल्या बर्फावर पडला. दत्तूने तो तुकडा उचलला, पँटला पुसला आणि परत पिंपात टाकला.

गोजरा तिथून निघाली ती केबिनमध्ये. शिवतेज जगतापने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, गेटच्या बाहेर काय होतं त्याच्याशी कंपनीचा संबंध नाही."

"बरफ तुमचा हाय."

"तो स्क्रॅप आहे. स्क्रॅप गेटबाहेर गेला की आपला नाही."

"मंग पार्ट आनून बसवा. सुले होनारच नाय."

"सीझन आहे. कोल्ड स्टोरेज दोन दिवस बंद ठेवायला लागेल. कोण ठेवणार? तुम्ही?" त्याने मेणबत्ती जरा जवळ ओढली. गोजराच्या कपड्यांना कोळंबीचा वास येत होता, हे तिलाही माहीत होतं.

बाहेर क्वालिटीची सुचित्रा मॅडम भेटली. चांगली मुलगी, जुईनगरहून येणारी, बोलायला प्रेमळ. कोल्ड स्टोरेजच्या दारावर रोज एक तक्ता भरायचं काम तिचं होतं. छत कोरडं, गळती नाही, मालावर पाणी नाही, आणि समोर सही. आत न जाताच ती सही करते, हे गोजरा रोज बघत होती. गोजराने तिलाही सांगितलं. सुचित्रा म्हणाली, "बाप रे, घाण आहे हे. मी बोलते सरांशी." आणि पेन काढून त्या दिवसाची सही केली.

त्या संध्याकाळी गोजराने किराणा दुकानातून कपड्यांच्या निळीच्या नऊ बाटल्या घेतल्या. दुकानदार हसून म्हणाला, गावजेवणाची धोतरं धुवायला काढली का?

दुसऱ्या दिवशी सुळे पाडून पिंपात भरल्यावर तिने त्यावर एक बाटली ओतली आणि बांबूने ढवळलं. दत्तू पिंप घेऊन गेला तो अर्ध्या तासात परत आला. सरबतवाल्याने माल घेतला नव्हता. शाईच्या रंगाचं सरबत कोण पिणार?

"मावशी, ही काय मस्करी आहे?"

"मस्करी नाय. कचरा हाय तो. कचऱ्यासारका दिसूदे."

दत्तू दोन दिवस निळा बर्फ मुकाट कचऱ्यात नेत राहिला. तिसऱ्या दिवशी गोजरा सातला पोचली तर सुळे आधीच पाडलेले. तो सहालाच येऊन, वॉचमनशी संगनमत करून, स्वतः बांबू घेऊन आत गेला होता. रोज आयत्या बिछान्यावर लोळणारा माणूस सरबतासाठी पहाटे उठला होता. फाट्यावरच्या गाडीत दुपारी पुन्हा ते गोल तुकडे होते. गोजरा गाडीपाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, पिऊ नका. काहींनी ग्लास ठेवले. बरेच जण तिच्याकडे बघत बघत प्याले. कंपनीतल्याच दोघी जणी म्हणाल्या, "काकू, उकाडा किती आहे." गाडीवाल्याने तिला हात जोडले, धंदा खराब करू नका म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुटीत आत कोणी नसताना, तिने शिडी लावली. वर चढून एकेका पंख्याखालच्या तबकात निळीची बाटली रिकामी केली. बर्फ पडो न पडो, आता वरून येणारं पाणीच निळं येणार होतं. उतरून तिने शिडी जागच्या जागी ठेवली. खोक्यांच्या आत माल प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद असतो, हे तिला माहीत होतं. आणि पंख्यांच्या खाली माल ठेवायचाच नाही असा नियमही होता. पाटीवर लिहिलेला.

सकाळी मुकादमाने दार उघडलं आणि आरडाओरडा केला. अख्खं छत निळं लोंबत होतं. पाचही पंख्यांखाली मोरपंखी रंगाचे सुळे, काही दोन हात लांब. पण लोक बघत होते ते सुळ्यांकडे नाही. खाली तीन रांगा खोकी होती. नियम काही असो, सीझन होता म्हणून रोजच पंख्याखाली उंच रचलेली, गोजराच्या डोळ्यांना सवयीची झालेली. वरच्या प्रत्येक खोक्यावर निळे ठिपके होते. काही ठिकाणी निळं पाणी खोक्यांच्या फटीत उतरून गोठलं होतं आणि खालच्या पाचव्या थरापर्यंत त्याचे ओघळ दिसत होते.

गोजरा दारात उभी राहून बघत राहिली. हे तिला सुचलंच नव्हतं. पाणी सहा महिने अशाच खोक्यांवर गळत होतं. बॉयलरचं, बुरशीचं, गंजाचं. त्याला रंग नव्हता म्हणून कोणाला दिसलं नव्हतं. सरबताच्या गाडीचं तिला एवढं लागलं, आणि तिच्या नाकासमोर, तिच्या त्या स्वच्छ खोलीत, हे चालू होतं.

शिवतेज धावत आला. आधी छताकडे बघितलं, मग खोक्यांकडे, मग गोजराकडे.

"कोणी केलं हे?"

"मी. नील टाकली."

"तुम्हाला कळतंय का काय केलंत? परवा बायरचा माणूस येणार आहे! हा सगळा माल खराब केलात तुम्ही!"

"मी रंग टाकला," गोजरा म्हणाली. "पानी तुमचं हाय."

"वेडी आहे ही बाई! हिला बाहेर काढा!"

सुचित्रा त्याच्या मागे उभी होती. ती पुढे झाली, एका खोक्यावर बोट फिरवलं, निळं झालेलं बोट बघितलं आणि रुमालाला पुसलं. दारावरचा तक्ता तिच्या खांद्याशीच होता. कालची सही, परवाची सही. तिने तक्त्याकडे बघायचं टाळलं. शिवराम बॉयलरवरून आला होता, तो मागून एवढंच म्हणाला, "साहेब, मावशी ह्ये नोव्हेंबरपास्नं सांगतीया." त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

गोजराचा गेटपास तिथेच काढून घेतला. वॉचमनने तिची पिशवी तपासली, आत जेवणाचा डबा आणि निळीची एक उरलेली बाटली. बाटली ठेवून घेतली. दत्तू गेटबाहेर टेम्पोला टेकून मावा मळत होता. "काय मिळालं मावशी?" त्याने विचारलं. ती त्याच्यापासून दोन हात लांबून गेली.

नळीची तार दोन दिवसांत बसली. जी सहा महिन्यांत आली नव्हती, ती पनवेलच्या एका दुकानातून मोटारसायकलवर आली. हे तिला शिवरामने सांगितलं. छत धुऊन पांढरा रंग मारला, परतीच्या पाण्याची बादली बंद झाली, सुळे संपले. बायरचा माणूस येऊन बघून, हात मिळवून गेला. सरबतवाल्याने लादीचा बर्फ सुरू केला आणि ग्लासामागे थोडा भाव वाढवला. गोटीरामचं पोट आठवड्यात सुधारलं.

दहा-बारा दिवसांनी सुचित्रा घरी आली. पायरीशी चपला काढल्या, न सांगता पाय धुतले. गोजराने पाणी दिलं. सुचित्रा म्हणाली, सरांचा राग शांत झालाय, पॅकिंग हॉलला झाडलोटीला बाई हवी आहे, माझ्या शब्दावर घेतील तुम्हाला.

गोजराने विचारलं, "त्या खोक्यांचं काय केलं?"

"कोणत्या?"

"निल्या."

सुचित्राने ग्लास खाली ठेवला. "खोकी बदलली, मावशी."

"आनि माल?"

"माल पिशवीत होता ना. सील होतं."

"सगल्या पिशव्यांचं सील बगितलंस? तू?"

सुचित्राने मान खाली घातली. "सहाशे खोकी होती. दोन दिवसांत कसं बघणार? सरांनी सांगितलं, नवीन खोकी घाला आणि लोड करा. मी..." ती थांबली. "मावशी, माझ्या घरी आई आजारी आहे. मी नोकरी सोडू शकत नाही."

"सोड कोन बोल्लं? मी कुठं बोल्ले सोड?" गोजराचा आवाज चढला. "आत जावून बगायचं व्हतं. दाराला उभी ऱ्हावून सही मारली तू. रोज. जाकिट घालायचा कंटाला तुना. तो दत्त्या सरबतासाटी करतो, तू कंटाल्यासाटी करतंस."

सुचित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. गोजराला त्या पाण्याचीही किळस आली, आणि आपल्याला अशी किळस यावी ह्याचं वाईटही वाटलं. पोरगी खरंच वाईट नव्हती. पण जवळ जाऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवणं काही जमलं नाही.

"मी येनार नाय," ती म्हणाली. "तू जा बाला. ऊन व्हायच्या आत जा."

सुचित्रा गेल्यावर तिने तो ग्लास राख लावून घासला. गोटीराम म्हणाला, पोरीने तोंड लावलं म्हणून एवढं? तिने ग्लास उन्हात पालथा घातला.

पावसाळ्यात तिला नावडे कॉलनीतल्या दोन सोसायट्यांचे जिने झाडायचं काम मिळालं. तिथेही काही कमी नाही. जिन्याच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या, लिफ्टमध्ये कोणाच्या तरी नखांचे तुकडे, तिसऱ्या मजल्यावरून खाली फेकलेल्या डायपरची गाठोडी. गेल्या महिन्यात डक्टमध्ये, दोन बिल्डिंगींमधल्या पाइपांच्या बोळात, कबूतर मरून पडलं होतं, चार दिवसांचं. सेक्रेटरी खिडकीतून नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मावशी, काठीने ढकला पलीकडे, शेजारच्या बिल्डिंगच्या हद्दीत. त्यांचे ते बघतील."

गोजराने काठी भिंतीला टेकवून ठेवली. हातांवर दोन पिशव्या चढवल्या, तोंडाला पदर गच्च बांधला आणि डक्टमध्ये उतरली. कबूतर उचललं तेव्हा त्यातून अळ्या गळल्या. तिला उमासा आला, तिने तो गिळला. सगळं जुन्या वर्तमानपत्रात बांधून ती कोपऱ्यावर महापालिकेच्या गाडीची वाट बघत उभी राहिली. गाडी पाऊण तासाने आली. तोपर्यंत ती त्या सेक्रेटरीला, त्याच्या बिल्डिंगला आणि त्या कबुतराला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शिव्या देत होती.